रंग नराचा, वंश मादीचा

महाराष्ट्रात गप्पी माशाची ओळख बहुतेकांना दोन ठिकाणी होते. एक, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी लावलेला सिमेंटचा हौद. आणि दुसरे, शोभेच्या माशांच्या दुकानातली काचेची टाकी. हौदातला मासा करडा, लहानखुरा, डासांच्या अळ्यांवर जगणारा. दुकानातला निळा, तांबडा, काळा, नागाच्या कातडीसारखी नक्षी अंगावर घेतलेला आणि अंगाएवढीच शेपटी मागे ओढत फिरणारा. हे दोन्ही मासे एकाच जातीचे आहेत, आणि पहिल्यापासून दुसरा तयार झाला तो केवळ माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून. घरच्या टाकीत गप्पीची पैदास करणारा ही निवड पुढे चालवत असतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो, मनात असो वा नसो, टाकीत निवड होतच राहते. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे: ही निवड नराकडे पाहून केली जाते, पण ती यशस्वी होणार की फसणार हे मादी ठरवते. हौशी लोकांच्या टाक्यांमध्ये जे बिघडते, त्यातले बरेचसे मादीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडते.

गप्पीला पिल्ले व्हावीत म्हणून काही करावे लागत नाही, हे खरेच आहे. पाणी बरे असले, दोन वेळा खाणे पडले आणि टाकीत एक नर व एक मादी असली की महिन्याभरात पिल्ले दिसतात. म्हणून ‘गप्पीची पैदास’ या विषयावर पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर चौथ्या-पाचव्या पिढीत मिळते. दुकानातून देखणी जोडी आणावी, तिची पिल्ले, पिल्लांची पिल्ले त्याच टाकीत वाढू द्यावीत, आणि वर्ष-दीड वर्षाने टाकीकडे नीट पाहावे. मासे भरपूर असतात, पण आखूड शेपटीचे, बारके, कोणत्याच वाणाचे नाव देता येणार नाही असे. ‘दुकानदाराने हलका माल दिला’ किंवा ‘पाणी मानवले नाही’ अशी कारणे मग सांगितली जातात. बहुतेक वेळा दोष दुकानदाराचाही नसतो आणि पाण्याचाही नसतो.

गप्पी अंडी घालत नाही. थेट पोहणारी पिल्ले जन्माला घालतो. नराच्या पोटाखालचा पर वयात येताना लांब, निमुळता होतो आणि त्याच्या साहाय्याने तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. मादीची खरी खासियत इथून सुरू होते. आलेले सगळे शुक्राणू ती एका वेळच्या विणीसाठी खर्च करत नाही. ते तिच्या अंडाशयाच्या आतल्या घड्यांमध्ये साठून राहतात आणि पुढच्या काही महिन्यांत, नराचा पुन्हा संबंध न येता, एकामागून एक विणी त्यांवर होऊ शकतात. हा काळ आठ महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये पिल्लांचे पितृत्व जनुकीय चाचणीने तपासले गेले, तेव्हा मरून काही महिने झालेल्या नरांचीही पिल्ले जन्माला येत असल्याचे दिसले. दुकानातली जोडी याच नजरेने पाहायला हवी. दुकानातल्या मोठ्या मादीने त्याआधी अनेक नरांच्या सहवासात दिवस काढलेले असतात. पिशवीत तिच्यासोबत बांधून दिलेला निळा नर तिच्या पोटातल्या पिल्लांचा बाप असेलच असे नाही; पुढच्या दोन-तीन विणींचाही असेल असे नाही. ताज्या शुक्राणूंना साठवलेल्यांपेक्षा झुकते माप मिळते, त्यामुळे नव्या नराची पिल्ले हळूहळू वाढतात, पण जुना साठा एका दिवसात पुसला जात नाही. ज्याला वाण राखायचा आहे त्याच्या दृष्टीने ही विकतची जोडी जोडी नसतेच.

वीण जवळ आल्याची खूण वाचता यायला हवी. मादीच्या पोटामागे, गुदद्वाराजवळ, एक गडद ठिपका असतो. पिल्ले वाढत जातात तसा तो मोठा आणि काळा होत जातो, आणि फिकट वाणांच्या मादीत तर शेवटच्या दोन दिवसांत त्यातून पिल्लांचे डोळे बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. पोटाचा गोलावा जाऊन समोरून पाहिले तर ते चौकोनी भासते. मादी मग टाकीच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या आडोशाला स्थिर राहते, खाण्याकडे पाठ फिरवते. पिल्लू बाहेर येते ते घडी पडलेले असते. शेपूट डोक्याला टेकलेली. क्षणभर ते तळाकडे जाते, उलगडते, एक झटका देऊन झाडाच्या दिशेने सुटते. लांबी सहा-सात मिलिमीटर. कोवळी मादी पहिल्यांदा पाच-दहा पिल्ले देते, पुढे वाढलेली, चांगली पोसलेली मादी तीस-चाळीस आणि क्वचित त्याहून कितीतरी जास्त. या वेळी आसपासचे मोठे मासे आणि कधी कधी स्वतः आईही पिल्लांना गिळते, म्हणून जावा मॉसचा दाट गुंता किंवा पाण्यावर तरंगणारी झाडे हवीत. प्लास्टिकची ब्रीडिंग बॉक्स दुकानात सर्रास मिळते, पण भरल्या दिवसांत मादीला जाळीने पकडून त्या खुराड्यात कोंडणे मला पसंत नाही. धसक्याने ती अपुरी पिल्ले टाकू शकते. दहा लिटरच्या वेगळ्या टाकीत आठवडाभर आधीच तिला हलवणे केव्हाही चांगले.

आता या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप घ्यायला हवा, आणि तो खुद्द विज्ञानाच्या इतिहासातून येतो. गप्पीची पहिली शास्त्रीय नोंद १८५९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पीटर्सने व्हेनेझुएलातल्या काराकासच्या माशांवरून केली. १८६६ मध्ये त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी पाठवलेल्या माशांना प्राणिशास्त्रज्ञ ग्युंटरने त्यांचेच नाव दिले, आणि ते शास्त्रीय नाव पुढे रद्द झाले तरी लोकांच्या तोंडी टिकले. पण हा मासा ज्ञानाच्या जगात मोठा झाला तो कोपनहेगनमध्ये. योहानेस श्मिट यांना जग ओळखते ते ईल माशाच्या जन्मस्थळाचा माग काढणारे म्हणून; त्याच माणसाने १९२० मध्ये दाखवून दिले की गप्पी नराच्या पाठीवरच्या परातला काळा ठिपका बापाकडून मुलाकडे आणि फक्त मुलाकडेच जातो. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, ओयविंद विंगे यांनी अशा एकेक खुणांचा वारसा मोजून हे ठिपके नराच्या वाय गुणसूत्रावर बसलेले आहेत हे मांडले. बापाकडून थेट मुलाकडे जाणाऱ्या वारशाचे हे जगातल्या पहिल्या ठोस उदाहरणांपैकी एक. तर मग, आक्षेप असा की, रंग बापाकडूनच येत असेल तर मादीचा एवढा बडेजाव कशाला? चांगला नर निवडावा, कोणतीही मादी द्यावी, मुलगे बापासारखेच होतील.

विंगे यांच्याच कामात याचे उत्तर आहे. त्यांना वायवरच्या खुणांबरोबर एक्स गुणसूत्रावर बसलेल्या खुणाही सापडल्या, आणि एक्स नराला मिळते ते आईकडूनच. मादी करडी दिसते याचे कारण तिच्याजवळ रंगांची जनुके नसतात हे नव्हे. ती उमटण्यासाठी लागणारे नर-संप्रेरक तिच्यात पुरेसे नसते. मादीला टेस्टोस्टेरॉन दिल्यावर तिच्या अंगावर तोवर दडलेले रंग उमटतात, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. (हा उपाय घरी करून पाहू नये, संप्रेरक दिलेली मादी पुढे वांझ होण्याचा धोका असतो, आणि असे ‘रंगवलेले’ मासे विकणे ही तर सरळ फसवणूक आहे.) शिवाय शौकिनाला जे हवे असते त्यातले फार थोडे एकट्या वायवर आहे. अल्बिनो किंवा सोनेरी अंगरंग लिंगगुणसूत्रांवर नसतो आणि तो दिसण्यासाठी आई-बाप दोघांकडून तेच जनुक यावे लागते. शेपटीचा आकार आणि पसारा अनेक जनुकांचा मिळून असतो. अंगाचा बांधा, वाढीचा वेग, रोगाला तोंड देण्याची ताकद, हे दोघांकडून येते. म्हणजे अनोळखी मादी दिलेल्या उत्तम नराच्या मुलांमध्ये बापाचा एखादा ठिपका जसाच्या तसा उतरेल, पण शेपटी आखूड, अंगरंग भलताच आणि बांधा किरकोळ असू शकेल. बापाशी साम्य आहे म्हणून पाळणारा समाधानी राहतो आणि पुढच्या पिढीत तेवढे साम्यही विरून जाते. करड्या मादीची निवड कशी करावी हे म्हणूनच पैदाशीतले सर्वांत अवघड काम आहे. तिचे भाऊ पाहावे लागतात, तिचा बाप पाहावा लागतो, आणि तिच्या पहिल्या विणीतले मुलगे मोठे होईपर्यंत निकाल राखून ठेवावा लागतो. तिच्या शेपटीची रुंदी, पाठीच्या पराची ठेवण आणि अंगाची जाडी एवढेच काय ते डोळ्यांना दिसते.

दुसरा आक्षेप जास्त आकर्षक आहे. निसर्गात कोणी निवड करत नाही, तरी गप्पी रंगीत आहेत. मग टाकीतही मोकळे सोडावे. पण निसर्गात निवड होत नाही हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि ते किती चुकीचे आहे हे याच माशाने जगाला शिकवले. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत एकाच ओढ्यात धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर नसतात. कॅरिल हॅस्किन्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हा फरक हेरला: शिकाऱ्यांच्या पाण्यात नर फिके, शिकारी नसलेल्या पाण्यात भडक. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये अरिपो नदीतल्या शिकाऱ्यांच्या पट्ट्यातले गप्पी वरच्या, शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांत नरांचे ठिपके संख्येने आणि आकाराने वाढले. १९८० मध्ये एंडलर यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच माशांच्या वंशजांवर डेव्हिड रेझनिक यांनी पुढे काम केले आणि १९९० मध्ये दाखवले की अकरा वर्षांत तिथले मासे उशिरा वयात येऊ लागले, मोठे झाले आणि थोडी पण मोठी पिल्ले देऊ लागले. रंगाच्या बाजूने कौल देणारी मादीच. तिला नारिंगी भावते, आणि त्या नारिंगीतला मोठा वाटा नराने शेवाळातून व इतर खाण्यातून मिळवलेल्या रंगद्रव्यांचा असतो. म्हणजे ती एका अर्थी नराचे पोषण तपासत असते. शिवाय तिला अनोळखी, विरळा रंगही आवडतो. आणि ओढ्यात विरळ्या रंगाचे नर जास्त जगतात, हेही प्रत्यक्ष मोजले गेले आहे. निसर्ग असा विविधतेला धरून ठेवतो.

घरच्या टाकीत यातले काय घडते? शिकारी नाही, त्यामुळे फिकेपणाचा फायदा नाही. पण भडकपणाला फायदा देणारी मादीची निवडही तिथे चालत नाही. वीस लिटर पाण्यात दहा नर असले की ते तिला नाच दाखवण्याची तसदी घेत नाहीत. मागून येऊन जबरदस्तीने संबंध साधण्याची रीत गप्पी नरांत आहेच, आणि पळायला जागा नसलेल्या मादीवर तीच चालते. यात पुढे असतो तो सगळ्यांत आधी वयात आलेला नर. गप्पी नराची अंगाची वाढ वयात येताच जवळजवळ थांबते. म्हणजे लवकर वयात आलेला नर लहानच राहतो, आणि मोठ्या शेपटीचा, सावकाश वाढणारा भाऊ तयार होईपर्यंत टाकीतल्या बहुतेक माद्यांच्या पोटात त्या लहानखुऱ्याचे बीज साठलेले असते. अशा चार पिढ्या गेल्या की टाकीत बारके, चपळ, आखूड शेपटीचे मासे उरावेत यात नवल नाही. ‘मोकळे सोडले’ याचा अर्थ इथे घाईला निवडले असा होतो. पाळणाऱ्याने निवड केली नाही तर टाकी करते, आणि टाकीची आवड पाळणाऱ्याच्या आवडीशी जुळत नाही.

यातून पुढची सगळी व्यवहाराची बाजू निघते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळे करायचे. या एका कामावर बाकी सगळे उभे आहे. भिंग घ्यावे, टाकीमागे दिवा ठेवावा आणि पिल्लाच्या पोटाखालचा पर पाहावा. मादीचा तो पंख्यासारखा त्रिकोणी राहतो, नराचा पुढच्या बाजूने जाड होऊन टोकदार होऊ लागतो. मादीचा पोटामागचा ठिपका याच सुमारास धूसर दिसू लागतो. शंका आली तर पिल्लाला नर समजून नरांत टाकावे. नरांमध्ये गेलेली एक मादी हातची जाते, पण माद्यांमध्ये राहिलेला एक नर सगळ्या टाकीचा बेत मोडतो. अशा जपलेल्या, कोऱ्या माद्या चार महिन्यांच्या झाल्या की त्यांच्याशी जुळवायचे नर निवडावेत, आणि तेही शेपटी पूर्ण भरल्यावर. एका नराला दोन-तीन माद्या द्याव्यात. तारीख, टाकी, आई-बाप यांची नोंद वहीत ठेवावी. मादीचे खाणे विणीनंतर वाढवून उपयोग नाही. अंड्यात पिवळ बलक भरला जातो तो फलनाच्या आधी, त्यामुळे या महिन्यातल्या खाण्याचा हिशेब पुढच्या विणीत दिसतो. मिठाच्या पाण्यात चोवीस ते छत्तीस तासांत उबवलेले आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, हे पिल्लांसाठी सर्वांत चांगले अन्न. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण तो पाणी फार लवकर नासवतो. दुकानातले ट्युबिफेक्स हे बारीक तांबडे किडे गटाराच्या पाण्यातून आलेले असू शकतात, ते टाळलेलेच बरे. गप्पीला क्षाराचे, जड पाणी मानवते. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी लोक तक्रारीच्या सुरात वापरतात, ते गप्पीला उलट आवडते. मुंबई-पुण्याकडच्या धरणांच्या मऊ पाण्यात थोडा शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवावा. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असू द्यावे. त्याहून बरेच वर नेले तर वाढ झपाट्याने होते आणि आयुष्य तेवढेच घटते.

एवढ्या टाक्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवायच्या, हा प्रश्न रास्त आहे. एका वाणासाठी किमान चार लागतात: नरांची, माद्यांची, विणीची आणि पिल्लांची. यातली एकही शोभेची असण्याची गरज नाही. वीस लिटरच्या साध्या टाकीत स्पंज फिल्टर आणि मॉस एवढे पुरते, आणि एका एअर पंपावर चारही चालतात. ज्याच्याकडे चारही ठेवायला जागा नाही त्याने फक्त नर पाळावेत, असे मी स्पष्ट म्हणेन. रंग तेवढेच पाहायला मिळतात, गर्दी होत नाही, आणि कोणत्याही मादीचा छळ होत नाही. जागा असूनही चार वाण एकदम सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. एका वाणाच्या दोन वेगळ्या ओळी राखून त्या काही पिढ्यांनी एकमेकींत मिसळणे जास्त मोलाचे आहे, कारण सख्ख्या भावंडांतच पैदास चालू राहिली की विणी लहान होतात, मणक्यात बाक येतो, नर मंदावतात.

मग वाण राखणे ही स्वतःच एक क्रूरता नाही का? लांब शेपटीने नराला पोहणे जड जाते, हे खरे आहे. जगण्याला अडचण होईल इतकी शेपटी वाढवणे मला मान्य नाही. पर फाटलेला, प्रवाहात टिकू न शकणारा नर प्रदर्शनात कितीही देखणा दिसला तरी त्याला वंश पुढे नेऊ देऊ नये. निवडीचा अधिकार हाती घेतल्यावर मासा नीट पोहतो, खातो, दोन वर्षे जगतो का, ही कसोटी रंगाच्या आधी लावायला हवी. वाकड्या पाठीच्या पिल्लांचे काय करायचे, हा प्रश्नही टाळता येत नाही. त्यांना वंशातून वगळायचे म्हणजे मारायलाच हवे असे नाही; जी पोहू-खाऊ शकतात त्यांनी नर-मादी वेगळे राहून आयुष्य काढायला हरकत नाही.

जास्तीच्या माशांचा प्रश्न मात्र टाकीबाहेर जातो, आणि तिथे मादीचा शुक्राणू साठवण्याचा तोच गुण पुन्हा आडवा येतो. आरोग्य खाते गप्पी सोडते ते बंदिस्त हौदांत, पाण्याच्या टाक्यांत, बांधलेल्या साठ्यांत. तोच मासा ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडणे हे वेगळे काम आहे. भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांसाठी आणला गेला आणि आज जगातल्या सत्तरच्या आसपास देशांत तो मूळचा नसताना पसरलेला आहे. त्रिनिदादमध्ये संशोधकांनी एकेक गाभण मादी वेगवेगळ्या हौदांत सोडून पाहिली; दोन वर्षांनंतर त्यांतल्या बहुसंख्य हौदांत वस्ती टिकून होती. नर सोबत द्यावाच लागला नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र कुठेही न आढळणारे लहान मासे आहेत, आणि त्यांच्यातही डासांच्या अळ्या खाणारे आहेत. बदलीच्या वेळी, टाकी मोडताना किंवा ‘बिचारे मोकळे होतील’ या भावनेने ओढ्यात ओतलेल्या बादलीत एकच वयात आलेली मादी असली तरी पुरते. म्हणून पैदास सुरू करण्यापूर्वी जास्तीच्या माद्या कोणाकडे जाणार हे ठरवावे: परत घेणारा दुकानदार, दुसरा शौकीन, की आरोग्य केंद्राचा बंद हौद. तिन्हींपैकी एकही नसेल तर विणीच्या टाकीत पुढची मादी सोडू नये. पाणी बदलताना टाकीचे पाणी गटारात न ओतता कुंड्यांना घालावे, आणि सायफनच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. त्या पाण्यातून सहा मिलिमीटरचे पिल्लू सहज निसटते.